पिंपळगाव राजातला बिघडलेला गट

दिल्लीच्या त्या खोलीत एसी इतका जोरात होता की मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून बसले होते. टेबलापलीकडे तज्ज्ञांची समिती होती. संशोधनाला सरकारी अनुदान कोणाला द्यायचं, हे ती ठरवणार होती. माझा प्रस्ताव माणसाच्या भावना आणि रक्तदाब यांच्याबद्दल होता. राग आणि काळजी यांच्यावर पुष्कळांनी काम केलेलं आहे. मला आनंदाबद्दल विचारायचं होतं. उतारवयातली माणसं दर आठवड्याला एकत्र आली, गायली, हसली, तर त्यांचा रक्तदाब उतरतो का?

एका सदस्यांनी चष्मा काढला. "मॅडम, ये तो हमारी नानी भी बता देगी. इसके लिए सरकार पैसा क्यों दे?"

मी म्हटलं, "सर, उतरतो एवढं नानी सांगेल. किती उतरतो आणि कशामुळे, ते तिला मोजता येणार नाही." हिंदीत बोलताना माझी गडबड झाली, पण अर्थ पोचला असावा. दुसऱ्या एक बाई हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

खरं तर हा प्रश्न मला माझ्या आईनेच दिला होता. आम्ही जळगाव जामोदचे. वडील एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडीत. आईला रक्तदाबाचा त्रास लागला तेव्हा मी नुकतीच डॉक्टर झाले होते, आणि शिकलेल्या लेकीचा सगळा जोर मी तिच्या दंडाला पट्टा बांधण्यावर लावला होता. औषधं चालू होती, मीठ कमी केलं होतं, तरी काटा वरच. मग एका उन्हाळ्यात तिची धाकटी बहीण बीबी गावाहून, मराठवाड्याच्या शिवेवरच्या तिच्या सासरहून, महिनाभर राहायला आली. दोघी सकाळपासून बाजेवर बसून लहानपणच्या भांडणांची उजळणी करायच्या. बीबीकडे नांदून मावशीची बोली बदलली होती. ती "मला" म्हणाली की आई तिला चिडवायची, "मला कायचं वं, मले म्हन!" आणि दोघी पोट धरून हसायच्या. त्या महिन्यात आईचा काटा खाली आला. मावशी गेली, पुन्हा वर चढला. एका बाईवरून विज्ञान होत नाही हे मला कळत होतं, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

अनुदान मंजूर झालं. तेव्हा मी शेजारच्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते, अजूनही शिकवते. गाव निवडलं पिंपळगाव राजा. मोठं गाव, सगळ्या समाजांची वस्ती, आणि खामगावहून यायला-जायला सोपं. तिथल्या ग्रामसभेत मी प्रकल्प समजावून सांगायला उभी राहिले. पुण्यात शिकताना माझी बोली पार घासून गुळगुळीत झाली होती. लोक ऐकत होते, पण परक्या पाहुणीचं ऐकावं तसं.

माझं बोलणं संपलं आणि मागून एक गृहस्थ उठले. सत्तरी ओलांडलेले, अंगात पांढराशुभ्र शर्ट, हातात छत्री. बाहेर ढगाचा ठिपकाही नव्हता. हे गावातले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना अख्खं गाव गुरुजी म्हणायचं आणि अख्खं गाव टरकून असायचं.

"मॅडम, हा पैसा कोनाचा?"

"सरकारचा, गुरुजी."

"सरकारचा मंजे कोनाचा?"

"तुमचा-आमचा."

"मंग गावाले रस्ता पाह्यजे, नाली पाह्यजे, आन तुम्ही आमचा पैसा हसन्यावर काऊन खर्च करून राह्यले?"

सभा खदखदून हसली. मी आरोग्याबद्दल, भविष्यातल्या औषधखर्चाबद्दल काहीबाही सांगितलं. गुरुजींचं समाधान झालं नाही. त्यांनी रीतसर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पैसा कोणी दिला, कशाला दिला, उपयोग काय, सगळं विचारलं. मी सगळ्याची उत्तरं पाठवली आणि खाली एक ओळ जोडली की काम उघड्यावर चालतं, केव्हाही येऊन बघा.

ते मला पुढच्याच खेपेला स्टँडवर भेटले. म्हणाले, "येतो मी. दर आठवड्याले येतो. पन एक सांगून ठेवतो, मी हसनार नाई."

कामाची रीत साधी होती. रक्तदाब असलेल्या, साठी ओलांडलेल्या गावकऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. अ गट ग्रामपंचायतीच्या सभागृहात जमायचा. तिथे खामगावहून एक गाणं शिकवणाऱ्या बाई यायच्या. गाणी, गोष्टी, मोकळं हसणं, असा त्यांचा तास. ब गट जुन्या वाचनालयाच्या ओट्यावर. त्यांच्यासाठी काहीच नाही. यायचं, थोडा वेळ शांत बसायचं, सिस्टर रक्तदाब मोजणार, तोंडात कापसाची छोटी गुंडाळी धरून लाळेचा नमुना द्यायचा, घरी जायचं. ताण वाढला की शरीरात एक रस वाढतो, तो लाळेत सापडतो. त्यासाठी तो कापूस. गाण्यामुळे खरंच फरक पडला का हे कळायला, ज्यांनी गायलं नाही असा गट लागतोच. तोलायला तराजूचं दुसरं पारडं हवं, तसं.

चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी पहिलं भांडण माझ्याशी झालं. गावातल्या एक मुसलमान बाई, पासष्टीच्या पुढच्या, मशीनवर आयुष्य काढलेल्या शिवणकामवाल्या. त्यांना सगळे खाला म्हणायचे. त्यांची चिठ्ठी ब गटात निघाली.

"मले काऊन नाई गाण्यात? गावात एक लगन होत नाई माह्या गाण्याबिगर!"

"खाला, ते चिठ्ठीवर आहे. माझ्या हातात नाही."

"मंग दुसरी चिठ्ठी काढ ना बाई, कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यलो," गुरुजी मागून म्हणाले.

खालांनी मागे वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

पहिले काही आठवडे मी सभागृहातच असायचे. अ गट मन लावून गायचा. कोणी भजन म्हणायचं, कोणी भीमगीत, कोणी जुन्या सिनेमातलं. गाण्याच्या बाई म्हणायच्या, "आता सगळ्यांनी मनापासून हसायचं हं," आणि सगळे शिस्तीत हा-हा-हा करायचे. एक आजोबा तर हसून झाल्यावर "झालं काय?" असं विचारायचे. वाचनालयाचा ओटा सिस्टरकडे सोपवला होता. सिस्टर म्हणजे प्रकल्पात नेमलेली आमची परिचारिका. वयाने माझ्याहून लहान, कामाला चोख, बोलायला कमी.

मग एक दिवस प्रयोगशाळेतून फोन आला. "मॅडम, तुमच्या एका गटाचा कापूस पिवळा का येतोय? हळदीसारखं काहीतरी आहे. आणि एकात शेंगदाण्याचं फोलपट सापडलं."

नमुना देण्याआधी कोणी काही खायचं नाही असा नियम होता. मी आकडे काढून पाहिले. अ गटाचा रक्तदाब थोडा उतरला होता, अपेक्षेसारखा. पण ब गटाचा त्याहून जास्त उतरला होता. ज्यांच्यासाठी आम्ही काहीही करत नव्हतो, ते जास्त सुधारत होते.

पुढच्या आठवड्यात मी सभागृहात न जाता सरळ वाचनालयाकडे गेले. रिक्षा वळणावर होती तेव्हाच हसण्याचा गदारोळ ऐकू आला. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ब गट होता तो होताच, शिवाय त्यांच्या सुना, शेजारी, आणि चक्क काही कामावरून आलेले पुरुष. मधे चिवड्याची परात. एका टोकाला छत्री आडवी धरून गुरुजी उभे, दुसऱ्या टोकाला पदर खोचून खाला. आणि दोघांच्या मधे पन्नाशीचा एक धिप्पाड ट्रॅक्टरवाला एका हाताने सलाम ठोकत दुसऱ्या हाताने आपल्या पँटचा पाय खाली ओढत होता.

"असा उभा होतो मी!" तो सांगत होता. "झेंडा वर, चड्डी वर! एक हात वर धरू का एक हात खाली, मले समजेच ना!"

माणसं हसून हसून एकमेकांवर रेलली होती. मलाही हसू आवरेना. मग एकदम लक्षात आलं की हे हसणारे लोक म्हणजे माझं तराजूचं दुसरं पारडं आहे, आणि ते पार कलंडलं आहे.

मी सिस्टरला बाजूला घेतलं. "हे काय चाललंय?"

"मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ब गटासाठी काही करायचं नाही. मी खरंच काही केलं नाही." तिने गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली. मग सगळी हकिकत सांगितली.

गुरुजी पहिल्याच आठवड्यात ओट्यावर येऊन बसले होते. खाला म्हणाल्या, "गुर्जी, तुमचा नंबर हाये काय?" ते म्हणाले, "मी जनतेतर्फे पाहून राह्यलो." खाला म्हणाल्या, "मंग जनतेतर्फे जरा सरका, माह्यावर ऊन येऊन राह्यलं." त्यावरून जुनं भांडण उकरलं गेलं. फार वर्षांपूर्वी शाळेतल्या सगळ्या मुलांच्या खाकी चड्ड्या खालांनी शिवल्या होत्या, आणि पंधरा ऑगस्टला त्या सगळ्यांना आखूड झाल्या होत्या. पाहुणे आलेले, झेंडा चढतोय, आणि रांगेतली पोरं चड्ड्या ओढतायत. गुरुजींचं म्हणणं, खालांनी कापड वाचवलं. खालांचं म्हणणं, गुरुजींनी मापं उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची पाठवली. "दोन महिने आंबे खाऊन पोट्टे वाढले, त्याले माही कैची काय करीन?"

त्या वर्षापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. इतक्या वर्षांचं साठलेलं ते आता दर आठवड्याला ओट्यावर बाहेर पडत होतं. ओट्याचं कोर्ट झालं होतं. त्या चड्ड्या घातलेली मुलं आता बाप्ये झाली होती. ती साक्षीला यायची आणि दोन्ही बाजूंनी फुटायची. साक्ष लांबली की भूक लागायची, म्हणून चिवडा. नमुना नंतर दिला जायचा, म्हणून हळद.

"आणि अजून एक, मॅडम," सिस्टर हळूच म्हणाली. "सगळे गेले की गुरुजी बाही वर करतात. म्हणतात, मशीन बरोबर आहे का तपासून राह्यलो. त्यांचा बीपी पुष्कळ होता. घरी एकटेच असतात. पत्नी वारल्या, मुलगा पुण्याला. गोळ्या बंद केल्या होत्या त्यांनी. खालांनी रागावून पुन्हा चालू करायला लावल्या."

"खालांना कसं कळलं?"

"अख्ख्या ओट्याला कळलंय. आता रोज कोणी ना कोणी विचारतं त्यांना, गोळी घेतली काय म्हणून."

परतीच्या वाटेवर मी आधी हसले आणि मग काळजीत पडले. आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राचे एक सर आहेत, आकडेमोडीला मदत करणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ब गट काढून टाका, नवीन गट नेमा. असं होतं कधी कधी. कोण विचारणार आहे?"

"एक माणूस विचारणार आहे," मी म्हटलं. "छत्री घेऊन."

मी दिल्लीला होतं तसं कळवलं. तुलनेचा गट बिघडला, कसा बिघडला, आणि आता काय करावं हे मला ठाऊक नाही, असंही लिहिलं. उत्तर आलं की समितीचे लोक स्वतः येऊन पाहतील. प्रकल्प बंद होऊ शकत होता.

गावालाही सांगायला हवं होतं. ओट्यावर बसून मी सगळं सरळ सांगितलं. तुम्ही शांत बसायचं होतं, तुम्ही हसलात, त्यामुळे गाण्याचा फरक वेगळा काढता येत नाही. आता माझीही बोली त्यांच्यात बसून सैल झाली होती. "मंग आता मोठे सायब येऊन राह्यले," मी म्हटलं.

गुरुजी उठून उभे राहिले.

"मंजे माह्यामुळं सरकारी पैसा वाया गेला?"

"तसं नाही, गुरुजी..."

"तसंच हाये. मी नसतो आलो तं हे लोक शांत बसले असते." आणि ते छत्री टेकत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. ओटा भरला होता, पण कोर्ट भरलं नाही. लोक कुजबुजत बसले, रक्तदाब मोजून घेतला, शास्त्राला हवा होता तसा नियमाप्रमाणे कापूस दिला आणि निघाले. संशोधक म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. अजिबात वाटलं नाही.

खाला मात्र घरी गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "चाल माह्यासंगं." आम्ही दोघी गुरुजींच्या दारात उभ्या राहिलो. दार उघडंच होतं. गुरुजी खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत होते. खाला उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या.

"काय वो गुर्जी, निकाल लागल्याबिगर कोर्ट सोडून पयता काय?"

"माहं चुकलं खाला. मी पैसा वाचवाले आलो आन वाया घातला."

"चुकलं मंता ना? मंग चड्डीचं बी चुकलं म्हना."

गुरुजी ताठ बसले. "ते नाई चुकलं! माप बरोबर होतं!"

"मंग या उद्या पुराव्यानिशी," खाला म्हणाल्या आणि वळल्या. वाटेत मला म्हणाल्या, "हा मानूस भांडला नाई तं बिमार पडते. माह्या नवऱ्याचं बी असंच होतं."

दुसऱ्या दिवशी ओटा भरायचा वार नव्हता. तरी कोर्ट भरलं.

समितीचे दोन लोक आले तेव्हा हिवाळा लागला होता. एक तरुण अधिकारी, आणि अध्यक्ष म्हणून त्याच बाई, ज्या दिल्लीत माझ्या उत्तराला हसल्या होत्या. दक्षिणेकडच्या, साठीच्या आसपासच्या, सुती साडी, केस आखूड. हिंदी त्यांचंही माझ्यासारखंच मोडकं. आधी सभागृहात अ गटाने त्यांना स्वागतगीत म्हणून दाखवलं, छान म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "अब वो बिगड़ा हुआ ग्रुप दिखाइए."

ओट्यावर सगळे इतके शिस्तीत बसले होते की कोणी शिंकलंही नाही. अध्यक्षबाई खुर्चीवर बसल्या. खालांना ती शांतता सहन झाली नाही.

"मॅडम, पहले आपका बीपी देखेंगे. इधर का कायदा है. जो बैठा, उसका बीपी."

तरुण अधिकारी गडबडला. अध्यक्षबाईंनी मुकाट्याने हात पुढे केला. सिस्टरने पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. आकडा चांगलाच वर होता.

"रस्त्यामुळं," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "मी सभेतच सांगतलं होतं, आधी रस्ता करा."

मी भाषांतर केलं. अध्यक्षबाई मोठ्याने हसल्या आणि तिथून बांध फुटला. ट्रॅक्टरवाल्याने न सांगता सलाम करून दाखवला. खालांनी कैचीची बाजू मांडली, गुरुजींनी मापाची. मी एकाचं भाषांतर करेपर्यंत दुसरा बोलत असायचा. अध्यक्षबाईंनी दोन्हीकडचे साक्षीदार तपासले, चिवड्याची वाटी हातात घेऊन. निकाल त्यांनी राखून ठेवला.

मग त्यांनी गुरुजींना विचारलं, "आप तो इस प्रोजेक्ट के खिलाफ थे. बंद कर दें?"

गुरुजींनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. ते शाळेत बोलत तसे सावकाश बोलले, आणि मी वाक्यावाक्याला थांबून हिंदीत सांगत गेले.

"लोकायच्या पैशावर सवाल विचारलाच पाह्यजे. मी विचारला. मी विचारलं, याचा उपयोग काय, हसून बीपी उतरते काय. त्याचं उत्तर अजून भेटलं नाई. बीपी तं उतरला, पन हसून उतरला, का संगं बसून, का गोळी टायमावर घेतल्यानं, हे कोनालेच समजलं नाई. आता उत्तर भेटायच्या आधी बंद केलं, तं मंग खरा पैसा पान्यात गेला. म्हून माहं म्हननं हाये, उत्तर भेटेपर्यंत चालू ठेवा. आन मी बसतोच हाये पाहाले."

अध्यक्षबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाल्या की दिल्लीत माझ्या प्रस्तावावर यापेक्षा चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता.

प्रकल्प बंद झाला नाही. त्याला मुदत वाढवून मिळाली, पण प्रश्न बदलून. गाण्याचा परिणाम बाजूला ठेवायचा, एकत्र बसण्याचा पाहायचा. ओट्याला ओटाच राहू द्यायचं. आणि खरं तुलनेचं पारडं म्हणून एक तिसरा गट घ्यायचा. त्या लोकांनी कुठेच यायचं नाही. सिस्टर घरोघरी जाऊन एकेकट्याचा रक्तदाब मोजणार.

हा तिसरा गट तरी शांत राहील असं मला वाटलं होतं. पण सिस्टर एका दारात शिरली की शेजारच्या दोघी-तिघी "आमचा बी बीपी पाहा ना वो" म्हणत यायच्याच. कोणी ताटात पातोडी वाढायचं, कोणी सुनेची तक्रार सांगायला बसायचं. एकदा मी सोबत गेले तेव्हा एका आजीच्या ओसरीवर अर्धी गल्ली जमलेली होती. सिस्टरने माझ्याकडे हताश नजरेने पाहिलं. "मॅडम, मी दार लावून पाहिलं. तर खिडकीतून बोलतात."

यावेळी आम्ही ते लपवलंही नाही आणि घाबरलोही नाही. घरी मोजताना किती जण भोवती होते, तेही टिपायला लागलो. ज्या घरी खरंच कोणी येत नव्हतं अशी थोडी घरं सापडली, आणि ती सापडली याचं मला संशोधक म्हणून समाधान वाटलं, माणूस म्हणून वाईट. काम संपल्यावर खालांना त्या घरांवर लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांनी लक्ष ठेवलं नाही, सरळ त्या माणसांना दंडाला धरून ओट्यावर आणून बसवलं.

निष्कर्ष छापण्याआधी गावात सांगायचे, हा गुरुजींचा आग्रह. "पैसा इथला, मानसं इथली, आन उत्तर पहिले इंग्रजीत काऊन?" म्हणून मी एका संध्याकाळी वाचनालयासमोर उभी राहून वऱ्हाडीत माझं संशोधन सांगितलं. पुण्यातल्या माझ्या जुन्या वर्गमैत्रिणींनी ते ऐकलं असतं तर तोंडाला पदर लावला असता. जी माणसं लोकांत बसत होती, त्यांचा रक्तदाब एकट्या बसलेल्यांपेक्षा जास्त उतरला, मग ती गाणी म्हणोत की भांडोत. पण त्यातला मोठा वाटा गोळ्या वेळेवर घेण्याचाही होता, कारण लोकांत बसणाऱ्याला कोणीतरी गोळीची आठवण करून देतंच. नुसत्या आनंदाचा वाटा किती, तो अजून नीट वेगळा काढता आलेला नाही. जे कळलं ते कळलं, जे नाही कळलं ते नाही.

मी थोडी घाबरले होते, की एवढा खटाटोप करून एवढंच काय, असं लोक म्हणतील. कोणी म्हटलं नाही. अ गटातल्या एका आजीने हात वर करून एवढंच विचारलं, "मंजे आमी एवढी गानी पाठ केली ते बेकार गेली काय?" मी म्हटलं, "नाही आजी, तुमचाही उतरला." त्या म्हणाल्या, "मंग ठीक. पन पुढच्या बारीले मले भांडनाच्या गटात टाकजो."

त्यानंतर जेवण होतं. गावाने वर्गणी काढून रोडग्यांचा बेत केला होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि दाळ. पंगतीत गुरुजी सिस्टरच्या बाजूला बसले होते. खाला वाढत होत्या. गुरुजींच्या रोडग्यावर त्यांनी तुपाची धार धरली, आणि गुरुजी पुरे म्हणेनात.

"गुरुजी, बीपी!" सिस्टर म्हणाली. "तूप कमी, मीठ कमी, सांगितलंय ना?"

गुरुजींनी तुपात बोट बुडवून चाखलं.

"ते प्रकल्प चालू होता तवा," ते म्हणाले. "आता मी कोन्याच गटात नाई." आणि त्यांनी पान पुन्हा खालांच्या पुढे सरकवलं.